लिनक्स बसवलं, आता प्रिंटरचं काय?

लिनक्स बसवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. पेन ड्राइव्ह लावायचा, भाषा निवडायची, पासवर्ड ठरवायचा. चहा होईपर्यंत काम उरकतं. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी लागते, घरातलं कुणीतरी प्रिंटरची वायर हातात घेऊन उभं राहतं तेव्हा.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. त्यामुळे नीट चालणारे कितीतरी लॅपटॉप एकाएकी जुने ठरले. ओळखीपाळखीतले लोक असे लॅपटॉप माझ्याकडे घेऊन येतात आणि मी त्यावर लिनक्स मिंट बसवून देतो. प्रश्न बहुतेकांचे तेच असतात. आमच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका काकूंनी ते एका दमात विचारले होते: "अरे, माझा प्रिंटर चालेल ना? मोबाइलमधले फोटो येतील? व्हॉट्सअ‍ॅप? आणि रात्रीची मालिका?"

"सगळं चालतं काकू" हे उत्तर खोटं आहे आणि "काहीच चालत नाही" हेही खोटं आहे. काय चालेल आणि काय अडेल, हे लिनक्सपेक्षा समोरच्या यंत्रावर जास्त अवलंबून असतं. ते यंत्र सगळ्यांना ठाऊक असलेली भाषा बोलतं, की फक्त त्याच्या कंपनीला कळणारी खासगी बोली?

मराठी माणसाला हे समजावायला फार कष्ट पडत नाहीत. वीस वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून स्मरणिकेची फाइल घरी आणून उघडली की पडद्यावर काय यायचं ते आठवा. इंग्रजी अक्षरं, टोप्या, टिंबं, चिन्हं, सगळा गोंधळ. मजकूर शुद्ध मराठी होता, पण त्या फॉन्टमध्ये 'क' कोणत्या क्रमांकावर ठेवायचा हे ज्या त्या कंपनीने आपापलं ठरवलेलं होतं. तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर ती फाइल तुमच्यापुरती मुकी. युनिकोडने 'क'ला एकच क्रमांक दिला, दशमान पद्धतीत २३२५, आणि तो जगजाहीर केला. त्या दिवसापासून 'क' कुणा एका कंपनीचा राहिला नाही. आज लिनक्सवर इन्स्क्रिप्टचा मराठी कळफलक सेटिंगमध्ये नुसता निवडला की चालू होतो, तो यामुळेच. प्रिंटर, वाय-फाय, कॅमेरा, हेडसेट या सगळ्यांची गोष्ट हीच आहे.

प्रिंटरपाशी जरा थांबायला हवं, कारण लिनक्स ज्यातून आलं त्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशी एक प्रिंटरच आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये एक साधी सोय करून ठेवली होती: कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांना पडद्यावर निरोप जायचा. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम मात्र कंपनीने दिलाच नाही. दुसऱ्या एका विद्यापीठात ज्याच्याकडे तो होता त्याने, 'कुणाला देणार नाही असं वचन दिलंय' म्हणून नकार दिला. स्टॉलमन यांनी ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली आहे. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिलेला कर्नेल, म्हणजे व्यवस्थेचा गाभा, त्याला येऊन मिळाला. आपण आज ज्याला लिनक्स म्हणतो ते या दोन्ही कामांचं मिळून आहे.

आता आपल्या गावात या. झेरॉक्सचं दुकान, सीएचं ऑफिस, शाळेचं कार्यालय. टेबलावर हमखास दिसणारे दोन छोटे लेझर प्रिंटर म्हणजे एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९००. दोन्ही काटक, दोन्ही स्वस्तात चालणारे. पण हा स्वस्तपणा कुठून आला ते पाहिलं की लिनक्सवर ते का अडतात हे उलगडतं.

महागड्या ऑफिस-प्रिंटरमध्ये स्वतःचा मेंदू असतो. 'या जागी अमुक आकाराचा अ काढ' एवढं पोस्टस्क्रिप्टसारख्या जाहीर भाषेत सांगितलं की पानावरचे ठिपके तो स्वतः मांडतो. या छोट्या प्रिंटरांमधून तो मेंदू काढून घेतलेला आहे. पानाचे ठिपके तयार करायचं काम कॉम्प्युटरने करायचं आणि तयार ठिपके कंपनीच्या खासगी बोलीत बांधून प्रिंटरकडे पाठवायचे. १०२०च्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. हा प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, प्रिंटरमध्ये कायमचा साठवलेलाच नसतो. बटण बंद केलं की तो पुसला जातो आणि चालू केलं की कॉम्प्युटरने तो यूएसबीच्या वायरीतून पुन्हा आत ओतावा लागतो. विंडोजवर हे काम ड्रायव्हर गुपचूप करतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लिनक्सवर ते झालं नाही तर फार चक्रावून टाकणारं चित्र दिसतं: प्रिंटर यादीत आला, नाव बरोबर, प्रिंटचा हुकूम गेला, कुठे चूक दाखवत नाही आणि कागद मात्र जागचा हलत नाही. माणूस वायर बदलतो, टोनर हलवून बघतो. दोष दोन्हीत नसतो. प्रिंटरमध्ये त्या क्षणी प्रोग्रॅमच नसतो.

यावर पहिला मोठा उपाय कंपनीबाहेरच्या माणसाने काढला. रिक रिचर्डसन यांनी ती बोली बोलणारा फू-टू-झेडजेएस नावाचा ड्रायव्हर लिहून सगळ्यांना खुला केला. एचपीचंही लिनक्ससाठी एचपीलिप नावाचं चांगलं पॅकेज आहे. मिंटमध्ये ते तयारच असतं. पण १०२०सारख्या प्रिंटरांसाठी त्याच्यासोबत एक बंदिस्त प्लगइन वेगळं उतरवावं लागतं. टर्मिनलमध्ये 'एचपी-प्लगइन' हा हुकूम द्यायचा, अटी मान्य करायच्या, झालं. एक गोष्ट मात्र वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे: प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावी लागते. मोठ्या अपडेटनंतर प्रिंटर अचानक मुका झाला, तर हाच हुकूम पुन्हा द्यायचा.

कॅननच्या २९००ची बोली कॅप्ट या नावाने ओळखली जाते. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलेला आहे, पण त्याची मांडणी जुन्या वळणाची. त्यासाठी एक प्रोग्रॅम पार्श्वभूमीवर सतत चालू ठेवावा लागतो, आणि काही भाग ३२ बिटांच्या जमान्यातले असल्यामुळे आजच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर जास्तीची लायब्ररी जोडावी लागते. जमतं, पण संयम लागतो. ज्याच्याकडे हा प्रिंटर आधीच आहे त्याने एक संध्याकाळ द्यायला हरकत नाही. नवा घेणाऱ्याने मात्र ही बोली विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग नवा घेताना काय बघायचं? इथे मोबाइलने आपल्यावर मोठे उपकार केले आहेत. नोव्हेंबर २०१०मध्ये अ‍ॅपलने आयफोनसाठी एअरप्रिंट आणलं. फोनमध्ये जगातल्या प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर भरणं शक्यच नव्हतं, म्हणून प्रिंटरनेच एक ठरलेली भाषा शिकायची असं ठरलं. अँड्रॉइडसाठी २०१३ साली कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया नावाची संघटना काढली. लिनक्ससाठी कुणी हे केलं नव्हतं, पण फोनला कळणारी भाषा लिनक्सलाही कळते. असा प्रिंटर वाय-फायवर आला की स्वतःहून हाक देतो: मी इथे आहे, मी ए-४ छापतो, दोन्ही बाजूंनी छापतो, मला या प्रकारच्या फाइली चालतात. कॉम्प्युटर ती हाक ऐकतो आणि प्रिंटर यादीत येऊन बसतो. ड्रायव्हर नावाची गोष्ट मधून निघूनच जाते. खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलेलं असेल तर तो प्रिंटर निर्धास्त घ्यावा. तोच प्रिंटर यूएसबीने जोडला तरी बहुतेकदा हीच भाषा वायरीतून बोलता येते. आयपीपी-यूएसबी नावाचा छोटा प्रोग्रॅम ते काम करतो. स्कॅनरचंही आता असंच झालं आहे.

ही हाक ऐकणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव कप्स. मायकेल स्वीट यांनी तो लिहिला, १९९९ साली तो खुला झाला, २००२ साली अ‍ॅपलने मॅकसाठी घेतला आणि २००७ साली स्वीट यांनाच नोकरीवर घेतलं. महागड्या मॅकवर आणि काकूंच्या जुन्या लॅपटॉपवर छपाईचं काम मुळात एकाच घराण्यातला प्रोग्रॅम करतो, हे सांगितल्यावर त्यांना फार बरं वाटलं होतं. वायरलेस प्रिंटर दिसत नसेल तर एवढंच तपासा: प्रिंटर आणि लॅपटॉप एकाच वाय-फायवर आहेत का? काही राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असतं. एक जण त्यात आणि दुसरा मुख्य नेटवर्कवर असेल तर हाक ऐकूच येत नाही.

वाय-फायचा विषय निघालाच आहे तर तिथली गाठ थोडक्यात. बहुतेक वाय-फाय चिपांनाही चालू होताना आतमध्ये फर्मवेअर ओतावं लागतं, आणि ते कंपनीचं, बंदिस्त. डेबियनसारखी तत्त्वनिष्ठ लिनक्स-मंडळी वर्षानुवर्षं ते आपल्या इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसत. तत्त्व योग्य होतं, पण त्यामुळे नव्या माणसाचं पहिल्याच पायरीवर अडायचं: वाय-फायसाठी फर्मवेअर हवं, आणि फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवं. २०२२ साली डेबियनच्या सभासदांनी मतदान घेऊन हा नियम बदलला आणि जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून फर्मवेअर सोबतच मिळतं. मला हा निर्णय मनापासून पटला. अजूनही कुठे वाय-फाय सापडलं नाही तर घाबरू नका. मोबाइल वायरीने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टिथरिंग चालू करा. फोन लॅपटॉपच्या दृष्टीने एक साधं नेटवर्क कार्ड बनतो. मग त्या इंटरनेटवरून मिंटच्या ड्रायव्हर व्यवस्थापकाला हवा तो ड्रायव्हर शोधू द्या.

पंधरा वर्षांपूर्वीची इंटरनेटची डोंगलं आठवतात? काठीसारखी, सिम घालायची. त्यांतली बरीचशी लिनक्सला लावली की आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसायची. मोडेम कुठे गेला कळायचं नाही. त्या डोंगलच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर सीडीच्या रूपात भरलेला असायचा, आणि तो ड्रायव्हर बसल्यावर ठरावीक संदेश मिळाला की डोंगल सीडीचं सोंग टाकून मोडेम व्हायचं. लिनक्सवर तो संदेश द्यायला यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्रॅम एका स्वयंसेवकाने लिहिला आणि शेकडो डोंगलांचे संदेश एकेक करून त्यात जमा होत गेले. काही स्वस्त वाय-फाय काड्या आजही हेच सोंग घेऊन येतात, म्हणून ही युक्ती माहीत असलेली बरी.

वेबकॅमचा त्रास मात्र जवळजवळ संपला आहे, कारण यूएसबी कॅमेऱ्यांची एक सामायिक भाषा ठरली आणि तिचा ड्रायव्हर २००८ साली लिनक्सच्या कर्नेलमध्येच आला. ब्लूटूथ हेडसेटबद्दल एकच सांगतो. गाणी छान ऐकू येतात, पण मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो, अशी तक्रार येते. हे बिघडणं नाही. हेडसेटचा माइक उघडला की ब्लूटूथ दोन्ही बाजूंच्या आवाजासाठी हलक्या दर्जाच्या पद्धतीवर उतरतं. आवाजाच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा आणि हेडसेट फक्त ऐकायला ठेवा, आवाज पुन्हा भरदार होतो.

काकूंचे फोटो येईनात तेव्हा मी तासभर लिनक्समध्ये शोधत बसलो होतो. फोन जोडला की चार्ज व्हायचा, पण लॅपटॉपला त्याचा पत्ताच नसायचा. टर्मिनलमध्ये जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी काढली तर तिथेही फोनची ओळ नव्हती. यादीत नाव येऊन काम होत नसेल तर प्रश्न ड्रायव्हरचा असतो. यादीत नावच येत नसेल तर निरोप मुळात पोहोचतच नाही. काकूंची वायर स्वस्तातली, फक्त चार्जिंगची होती. माहिती वाहून नेणाऱ्या दोन तारा तिच्यात नव्हत्याच. शेजाऱ्यांची वायर आणली, फोनचं कुलूप उघडलं, पडद्यावर आलेल्या सूचनेत 'फक्त चार्जिंग'ऐवजी 'फाइल ट्रान्सफर' निवडलं आणि नातवाच्या बारशाचे फोटो समोर आले. त्यानंतर मी त्यांच्या फोनवर आणि लॅपटॉपवर केडीई कनेक्ट घातलं. हा प्रकल्प २०१३ साली एका विद्यार्थ्याने सुरू केला. फोन आणि लॅपटॉप एकाच वाय-फायवर असले की फोटो वायरीशिवाय येतात, फोनवरचे निरोप लॅपटॉपवर दिसतात, एकीकडे कॉपी केलेला मजकूर दुसरीकडे चिकटवता येतो.

ऑनलाइन सेवांचं गणित वेगळं आहे. जी सेवा ब्राउझरमध्ये चालते ती लिनक्सवर चालते, हा साधारण नियम. बँक, रेल्वे, डिजिलॉकर, ईमेल, आणि २०१५पासून वेबवर आलेलं व्हॉट्सअ‍ॅपही. गुगल ड्राइव्हचं लिनक्ससाठी अधिकृत अ‍ॅप २०१२पासून आजवर आलेलं नाही. ब्राउझरमध्ये ते चालतंच, आणि लॅपटॉपवरच्या फोल्डरसारखं हवं असेल तर आरक्लोन हा खुला प्रोग्रॅम मला सर्वांत भरवशाचा वाटतो. पहिल्यांदा बसवताना थोडे प्रश्न विचारतो, पुढे वर्षानुवर्षं तक्रार नाही.

मालिका आणि सिनेमांचं काय? नेटफ्लिक्सने २००८ साली ब्राउझरमधल्या व्हिडिओसाठी मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट वापरायला सुरुवात केली, आणि लिनक्सवाले काही वर्षं दाराबाहेर राहिले. २०१४मध्ये क्रोमवर ती अडचण सुटली, २०१७मध्ये फायरफॉक्सवर. आज या सेवा वाइडवाइन नावाचं गुगलचं कुलूप वापरतात. फायरफॉक्समध्ये ते सेटिंगमधून चालू करावं लागतं: 'डीआरएम-नियंत्रित मजकूर चालवा' या चौकटीत खूण करायची. क्रोममध्ये ते आधीच असतं, पण क्रोमियममध्ये बहुधा नसतं. नावं सारखी असल्यामुळे इथे पुष्कळ जण फसतात. या कुलपाच्या पातळ्या आहेत. सर्वांत वरची पातळी यंत्राच्या चिपमध्येच संरक्षण मागते. लिनक्सवरच्या ब्राउझरांना खालची, सॉफ्टवेअरची पातळी मिळते. म्हणून मालिका दिसते, पण फोर-के दर्जा मिळत नाही, आणि काही सेवा त्याहूनही खालचं चित्र पाठवतात. तुमचं नेट हळू नसतं, लॅपटॉपही कमी पडत नसतो. समोरची सेवाच चांगलं चित्र रोखून धरते. पैसे भरलेल्या ग्राहकाला असं वागवणं मला अन्यायाचं वाटतं, पण आज उपाय नाही. मोठ्या पडद्यावर उत्तम चित्र हवं असेल तर टीव्हीचंच अ‍ॅप वापरावं.

आणि एक जागा अशी आहे जिथे मी लिनक्स बसवायला सरळ नकार देतो. आमच्या ओळखीतले एक काका छोटी सरकारी कंत्राटं घेतात. ई-निविदा भरायला त्यांच्याकडे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन आहे. खरं तर टोकनाचा प्रश्न नसतो. ईपास २००३सारखी टोकनं लिनक्सवरच्या ओपनएससी या खुल्या प्रोग्रॅमला ओळखता येतात. त्यांची भाषा जाहीर आहे. अडचण मधल्या दुव्याची. पूर्वी ब्राउझर जावा अ‍ॅप्लेटमधून टोकनाशी बोलत. सुरक्षेच्या कारणांनी क्रोमने २०१५मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७मध्ये ती वाट बंद केली. तेव्हापासून अनेक संकेतस्थळं आपापला छोटा मदतनीस प्रोग्रॅम देतात; तो तुमच्या कॉम्प्युटरवर चालतो आणि ब्राउझर व टोकन यांच्यात दुभाष्याचं काम करतो. हा दुभाषी फक्त विंडोजसाठी लिहिलेला असला की टोकन चांगलं, ब्राउझर चांगला, लिनक्सही चांगलं, आणि सही मात्र होत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवून टोकन त्याच्या हवाली करता येतं, पण निविदेच्या शेवटच्या तासावर ज्याचं पोट अवलंबून आहे त्याला मी हे करायला सांगणार नाही.

"मग माझ्या लॅपटॉपला हात लावू नकोस," काका म्हणाले. मी लावला नाही. त्यांच्या मुलीचा जुना लॅपटॉप मात्र कपाटात पडून होता. त्यावर काही बसवण्याआधी मिंटचा पेन ड्राइव्ह लावून त्याच्यावरूनच लॅपटॉप चालू केला. आतली डिस्क तशीच राहते आणि सगळं काही तपासून बघता येतं. वाय-फाय जोडलं. कॅमेरा उघडला. इअरफोनमधून गाणं वाजवलं. मग प्रिंटरची सेटिंग उघडायला गेलो तर दिवाणखान्यातला त्यांचा वाय-फाय प्रिंटर आधीच यादीत येऊन बसला होता. मुलीने सीईटीचं हॉलतिकीट उघडून प्रिंट दाबलं, आणि आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "अरे, हा कागद कुणी काढला?"